सल्फेटचे क्षार : शेतात, गोठ्यात आणि दवाखान्यात

तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात शिरले, तर फळीवर निरनिराळ्या रंगांचे खडे मांडून ठेवलेले दिसतात. निळे ते मोरचूद, हिरवट ते हिराकस, पांढरे ते जस्ताचे सल्फेट. भिंतीच्या कडेला अमोनियम सल्फेटची आणि सुपर फॉस्फेटची पोती रचलेली असतात. शेजारच्या किराणा दुकानात तुरटी मिळते. या सर्वांचे रंग वेगळे, भाव वेगळे आणि उपयोगही वेगळे. तरीपण ही सारी एकाच कुळातील मंडळी होत. त्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेले, तर गरोदर स्त्रियांसाठी ठेवलेल्या लोहाच्या गोळ्या, लहान मुलांच्या जुलाबावर द्यावयाच्या जस्ताच्या गोळ्या आणि बाळंतिणीच्या झटक्यांवरील इंजेक्शन हीही बहुधा याच कुळातील निघतात. शेतातील खत आणि दवाखान्यातील औषध यांचे हे नाते पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ते नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. कारण या नात्याच्या अर्धवट माहितीतून कधी पिकाचे, तर कधी माणसाचे नुकसान झालेले आहे.

सल्फेट म्हणजे गंधकाचा एक अणू आणि प्राणवायूचे चार अणू यांचा मिळून झालेला गट. या गटावर ऋण विद्युत्भार असतो. म्हणून तो धन विद्युत्भार असलेल्या जोडीदाराशी बांधला जातो. जोडीदार तांबे असेल तर मोरचूद, लोह असेल तर हिराकस, चुन्यातील कॅल्शियम असेल तर जिप्सम, म्हणजे आपली चिरोडी. जुन्या वैद्यकात मोरचुदाला तुत्थ आणि हिराकसाला कासीस म्हणत. तेव्हा या वस्तू आपल्याकडे काही नव्याने आलेल्या नाहीत; नवे आहे ते त्यांचे कार्य कसे चालते याचे ज्ञान.

सल्फेटच्या कोणत्याही क्षाराचा विचार करताना एक प्रश्न आधी विचारावा. येथे काम कोण करीत आहे, सल्फेट की त्याचा जोडीदार? अमोनियम सल्फेट शेतात टाकले असता दोघेही कामास येतात. नत्रही मिळते आणि गंधकही. मोरचुदाच्या फवारणीत मात्र काम तांब्याचे असते. सल्फेट केवळ त्याला पाण्यात विरघळवून आणणारा वाहक असतो. हा भेद मनात ठेवला म्हणजे पुढील गोष्टी सहज उलगडतात.

नावांच्या सारखेपणामुळे होणारा एक घोटाळाही येथेच दूर करावा. सल्फाईड, सल्फाईट आणि सल्फा औषधे ही सल्फेटहून निराळी आहेत. एखाद्यास सल्फा जातीचे औषध सोसत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्याने हिराकसाची गोळी किंवा सल्फेटयुक्त इंजेक्शन यांना भिण्याचे त्या कारणाने तरी प्रयोजन नाही.

पिकाचा गंधकाशी संबंध

जमिनीतील गंधकाचा मोठा भाग सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. सूक्ष्म जंतू तो मोकळा करून सल्फेटच्या रूपात आणतात, आणि त्याच रूपात मुळे तो शोषून घेतात. पानात पोचल्यावर सूर्यप्रकाशाच्या शक्तीच्या बळावर वनस्पती सल्फेटमधील प्राणवायू काढून टाकते आणि उरलेल्या गंधकापासून सिस्टीन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले तयार करते. प्रथिनांच्या बांधणीत ही दोन्ही आवश्यक असतात. लोकर, केस किंवा शिंग जळताना जो उग्र दर्प येतो तो त्यांतील गंधकाचाच. कांद्याची झणझण, लसणाचा वास आणि मोहरीचा तिखटपणा हीदेखील सल्फेटपासून बनलेल्या द्रव्यांचीच करणी होय. गंधक कमी असलेल्या जमिनीतील कांदा तिखटपणात उणा पडतो.

ही रसायनविद्या माणसाला आणि त्याच्या गुराढोरांना स्वतःच्या बळावर येत नाही. माणसाने सल्फेट कितीही खाल्ले तरी त्याच्या शरीरात त्यापासून मेथिओनिन तयार होत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळवावे लागते, आणि त्या अन्नाचे मूळ अखेर एखाद्या वनस्पतीच्या पानात किंवा एखाद्या जंतूच्या पेशीत असते. डाळींच्या प्रथिनात मेथिओनिन कमी असते, तर तृणधान्यांच्या प्रथिनात ते तुलनेने अधिक असते. उलट तृणधान्यात लायसीन कमी, तर डाळीत भरपूर. भाकरी आणि वरण एकत्र खाण्याच्या आपल्या रीतीस शास्त्राचा हा आधार आहे.

एक टन धान्य पिकविण्यासाठी तृणधान्यास सुमारे ३ ते ४ किलो, कडधान्यास सुमारे ८ किलो आणि तेलबियांस सुमारे १२ किलो गंधक लागतो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे भुईमूग, सोयाबीन, करडई, सूर्यफूल व तीळ यांची भूक ज्वारी-बाजरीच्या तिपटीहून अधिक. ज्या भागात ज्वारी हटून सोयाबीन आले, तेथे जमिनीतून उचलल्या जाणाऱ्या गंधकाचे प्रमाण किती वाढले असेल याची कल्पना यावरून येते.

याच काळात खताच्या पोत्यात फरक पडला. बिहारातील, म्हणजे आताच्या झारखंडातील, सिंद्री येथे १९५१ साली सरकारी खत कारखाना सुरू झाला, तेव्हा त्यात जिप्समपासून अमोनियम सल्फेट तयार होत असे. त्या खतात नत्र सुमारे २०.५ टक्के आणि गंधक सुमारे २३ ते २४ टक्के. शेतकरी नत्रासाठी पैसे मोजी आणि गंधक त्याबरोबर आपोआप शेतात पडे. तो कारखाना २००२ साली बंद झाला. आता त्याच सिंद्रीत नवा कारखाना उभा आहे आणि त्यात युरिया तयार होतो. युरियात नत्र ४६ टक्के, गंधक शून्य. स्फुरदाच्या बाबतीतही असेच घडले. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्क्यांच्या आसपास गंधक असतो. त्याची जागा डीएपीने घेतली, ज्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, पण गंधक जवळजवळ नाहीच. कोणी ठरवून गंधक बंद केला असे नाही. तो पूर्वी न मागता मिळत होता, म्हणून तो येईनासा झाल्याचे कोणाला कळले नाही. युरोपात १९८० नंतर कारखान्यांच्या धुरावर निर्बंध येऊन हवेतून पडणारा गंधक कमी झाला, तेव्हा तेथील मोहरीवर्गीय पिकांतही असाच तुटवडा दिसू लागला होता.

हिशेब करून पाहावा. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद द्यावयाचे असेल, तर सुपर फॉस्फेटची साडेसात पोती, म्हणजे ३७५ किलो खत लागते आणि त्यातून सुमारे ४१ किलो गंधक जमिनीस मिळतो. तेच स्फुरद डीएपीतून दिले, तर सुमारे १३० किलो खत पुरते. गाडीभाडे वाचते, मजुरी वाचते, हे खरे आहे, आणि शेतकरी डीएपी का पसंत करतो हे समजण्यासारखे आहे. मात्र डीएपी घ्यावयाचेच असेल, तर तेलबियांसाठी साधारणतः हेक्टरी २० ते ४० किलो गंधकाची सोय निराळी करावी लागेल. ती न करता केवळ पोत्यांची संख्या कमी झाली म्हणून काटकसर झाली असे मानणे बरोबर नव्हे.

गंधकाचा तुटवडा ओळखण्याची खूण सोपी आहे, पण ग्रामसेवकही तीत फसतात. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात; कारण वनस्पती जुन्या पानातील नत्र काढून नव्या पानास देऊ शकते. गंधक असा सहजासहजी हलत नाही. म्हणून गंधकाची उणीव शेंड्याकडील कोवळ्या पानांवर आधी दिसते. शेंडा पिवळा पाहून त्यावर युरियाचा हात मारला, तर रोग बरा न होता अधिकच वाढण्याचा संभव असतो. कारण नत्र वाढले की गंधकाची गरजही वाढते. शेंडा पिवळा पडण्यास लोहाची उणीवही कारण असते. परंतु तीत पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तर गंधकाच्या उणिवेत शिरांसह सर्व पान फिकट होते. खात्री करून घ्यावयाची असेल तर मातीची तपासणी करावी. उपलब्ध गंधक दर दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा कमी आढळला, तर ती जमीन गंधकास प्रतिसाद देईल असे समजतात.

सल्फेट ऋणभारित असल्याने चिकणमातीचे कण त्यास धरून ठेवीत नाहीत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाच्या एका जोरदार सरीने ते खाली वाहून जाते. शुद्ध गंधकाची भुकटी अशी वाहून जात नाही. मात्र ती मुळांना तशीच घेता येत नाही. जमिनीतील जंतूंनी तिचे सल्फेट केल्यावरच ती पिकाच्या उपयोगी पडते आणि त्यास काही आठवडे लागतात. म्हणून भुकटी वापरावयाची तर ती पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे ओल असताना मिसळावी. उभ्या पिकात उणीव दिसल्यावर भुकटी टाकण्यात अर्थ नसतो.

जिप्समच्या बाबतीत काम बहुतांशी जोडीदाराचे असते. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरतात तेव्हा शेंग भरण्यासाठी लागणारे कॅल्शियम ती शेंग मुळांमार्फत न घेता भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घेते. म्हणून आऱ्या सुटण्याच्या वेळी ओळीलगत जिप्सम टाकण्याचा प्रघात आहे. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण जास्त असल्याने पाणी मुरत नाही, ढेकळे दगडासारखी होतात. तेथे जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून उठवून लावते, आणि सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जाते. निघून जाण्यास वाट मात्र हवी. चर काढून निचरा केल्यावाचून जिप्सम टाकणे म्हणजे सोडियमला घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यासारखे आहे.

भाताच्या खाचरात सल्फेटचे दुसरेच रूप पाहावयास मिळते. पाणी दीर्घकाळ तुंबले की मातीतील प्राणवायू संपतो. मग काही जंतू सल्फेटमधील प्राणवायू वापरू लागतात आणि उरलेला गंधक हायड्रोजन सल्फाईड वायूच्या रूपात सोडतात. कुजक्या अंड्यासारखा वास आणि काळी पडलेली मुळे ही त्याची लक्षणे होत. कोकणातील तांबड्या जमिनीत लोह मुबलक असल्याने ते या वायूस बांधून टाकते व मुळांचा बचाव होतो. तरीपण वास येऊ लागल्यास खाचरातील पाणी काही दिवस काढून टाकावे.

गोठ्यातील गोष्ट

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या पहिल्या पोटात जंतूंचे मोठे जगच नांदत असते. ते जंतू चाऱ्यातील सल्फेटपासून मेथिओनिन तयार करतात आणि पुढे ते जंतूच जनावराचे अन्न होतात. माणसास जे साधत नाही ते जनावरास या पाहुण्यांमुळे साधते. वाळल्या कडब्यावर युरियाची प्रक्रिया करून तो जनावरांस घालतात, तेव्हा नत्र वाढते पण गंधक वाढत नाही. मग नत्राचा पुरता उपयोग होत नाही. म्हणून अशा चाऱ्याबरोबर खनिज मिश्रण देताना त्यात गंधक आहे की नाही हे पाहावे. मेंढीच्या लोकरीत गंधक भरपूर असल्याने मेंढपाळास याचे महत्त्व अधिक.

याची दुसरी बाजूही आहे. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात सल्फेट फार असेल तर त्याच पोटात त्याचे सल्फाईड होते. त्यामुळे शरीरास तांबे मिळेनासे होते, आणि प्रमाण फारच वाढल्यास वासरांच्या मेंदूस विकार होऊन ती आंधळ्यासारखी भिंतीस डोके टेकून उभी राहतात. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक असल्यास नव्या माणसाचे पोट बिघडते. गावची सवय झालेली माणसे ते पाणी पचवितात आणि पाहुण्यांना नावे ठेवतात.

माणसाच्या शरीरात

अन्नातील मेथिओनिन व सिस्टीन यांचा वापर झाला की त्यांतील गंधकाचे शरीरात सल्फेट होते. त्यातील बरेचसे लघवीवाटे जाते, पण सारेच टाकाऊ नसते. सांध्यांमधील कूर्चेत काँड्रॉइटिन सल्फेट नावाचे द्रव्य असते. त्यावरील सल्फेटचे ऋणभार पाणी धरून ठेवतात, आणि त्यामुळे कूर्चा दाबली तरी पुन्हा पूर्ववत होते. गुडघ्यावर पोत्याचे ओझे तोलले जाते ते या पाण्याच्या गादीवर. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हे द्रव्य १९१६ साली अमेरिकेत कुत्र्याच्या यकृताचा अभ्यास करताना हाती लागले. त्याच्याही अंगावर सल्फेटचे गट दाटीने असतात आणि त्यांवाचून त्याचा गुण राहात नाही. यकृत पुष्कळशा औषधांना व शरीरातील अनावश्यक द्रव्यांना सल्फेट जोडून पाण्यात विरघळणारे बनविते आणि मूत्रपिंडाकडे रवाना करते. तापावर घेतलेल्या पॅरासिटामॉलचा काही भाग याच मार्गाने बाहेर पडतो. नेमून दिलेल्या मात्रेपेक्षा गोळ्या अधिक घेतल्या की हा मार्ग अपुरा पडतो आणि यकृतास इजा होते.

मोरचूद

फ्रान्समधील बोर्दो परगण्यात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भय वाटावे म्हणून मोरचूद व चुन्याचे मिश्रण शिंपडीत असत. १८८२ च्या सुमारास मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की रोगाने इतर वेलींची पाने झडली असता या वेली हिरव्या आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. तेच आजचे बोर्डो मिश्रण. नाशिककडील द्राक्षावरील केवडा आणि कोकण-गोव्यातील सुपारीवरील कोळेरोग यांवर ते आजही वापरतात.

एक टक्क्याचे मिश्रण करण्यास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. मोरचूद ५० लिटर पाण्यात व चुना निराळ्या ५० लिटर पाण्यात विरघळवावा. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतीत लाकडी काठीने ढवळावे. भांडी लाकडाची, मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. लोखंडी अथवा जस्ताच्या पत्र्याची बादली चालत नाही, कारण तांबे द्रावणातून निघून बादलीवरच बसते. मिश्रणात स्वच्छ विळ्याचे पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे मोरचूद शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. अन्यथा पाने करपतात. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

येथे बुरशीच्या बीजाणूंना मारणारे तांबे आहे. आणि जे बीजाणूस मारते ते अधिक मात्रेत माणसासही मारते. पूर्वी विषबाधा झालेल्या माणसास उलटी व्हावी म्हणून मोरचुदाचे पाणी पाजीत. वैद्यकाने ती पद्धती टाकून दिली आहे, कारण मोरचूदच रक्तातील तांबड्या पेशी फोडते आणि मूत्रपिंडे निकामी करते. खेड्यात अद्याप कोठे कोठे हा उपाय सांगितला जातो. तो कदापि करू नये. मेंढ्यांना तर तांबे फारच थोडे सोसते. फवारलेल्या बागेत त्यांना चरावयास सोडू नये.

मोरचुदाचा एक निरुपद्रवी उपयोग रक्तदान शिबिरात पाहावयास मिळतो. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या निळ्या द्रावणात दात्याच्या बोटातील रक्ताचा थेंब सोडतात. थेंब झरकन तळाशी गेला तर रक्तातील हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा अधिक आहे असे समजून रक्त घेतात. तरंगत राहिला तर त्या माणसास परत पाठवितात.

हिराकस, जस्त आणि मॅग्नेशियम

चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही. तेव्हा हिराकसाच्या अर्ध्या ते एक टक्का द्रावणाची फवारणी करतात. माणसाच्या रक्तक्षयावरही तेच लोह. शासनाच्या कार्यक्रमात गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस ज्या गोळ्या देतात, त्या प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह व सोबत फॉलिक आम्ल असते. गोळी चहाबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही. शौचास काळे होते ते भिण्यासारखे नव्हे. खरे भय आहे ते दुसरेच. लाल रंगाच्या या गोळ्या लहान मुलास गोड वाटतात. मुठीने खाल्ल्यास मूल दगावू शकते. त्या फडताळात उंचावर ठेवाव्यात.

जस्ताच्या उणिवेचे महत्त्व आपल्या देशात भाताने पटवून दिले. पंतनगर येथे १९६६ साली डॉ. नेने यांनी तराईतील भाताचा ‘खैरा’ रोग हा कोणत्याही जंतूमुळे नसून जस्ताच्या अभावाने होतो असे दाखविले. जस्ताच्या सल्फेटने तो बरा होतो. हे खत डीएपीत किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून टाकू नये; स्फुरदाशी त्याचा न विरघळणारा संयोग होतो आणि दोहोंचे पैसे वाया जातात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली मुलांच्या जुलाबावर क्षारसंजीवनीच्या जोडीस जस्त द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅमप्रमाणे १४ दिवस ही गोळी देतात. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या कराव्यात, कारण पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव त्याने कमी होतो. गोळी आशा सेविकेकडून घ्यावी. दुकानातील पोत्यावर तेच नाव असले तरी खतात शिसे, कॅडमियम यांसारखी द्रव्ये असू शकतात. त्याची चिमूटही कोणाच्या तोंडी जाता कामा नये.

कपाशीवर लाल्या पडला की मॅग्नेशियम सल्फेटच्या एक टक्का द्रावणाची फवारणी सुचवितात. इंग्लंडात एप्सम या गावी एका झऱ्याच्या कडू पाण्यात हाच क्षार सापडला होता आणि त्याचा रेचक म्हणून तीन शतकांहून अधिक काळ उपयोग होत आला. परंतु त्याचे खरे मोल गर्भारपणातील झटक्यांत कळते. रक्तदाब चढतो, पाय व तोंड सुजते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पुढे एकाएकी झटके येऊन स्त्री बेशुद्ध पडते. पुष्कळ घरांत यास अद्याप बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात घटका दवडतात. १९९५ साली अनेक देशांत, आपल्या देशातही, झालेल्या मोठ्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट हे पुन्हा येणारे झटके थांबविण्यात इतर औषधांहून सरस ठरले. २००२ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीत असे दिसले की ते वेळीच दिल्यास झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. औषध स्वस्त आहे, आणि मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्यापूर्वी त्याची पहिली मात्रा उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिकेसही देता येते. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी यांवर लक्ष ठेवावे लागते, व उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. फवारणीचे मॅग्नेशियम सल्फेट आणि हे निर्जंतुक इंजेक्शन यांचे नाव एक असले, तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही. घरच्यांनी करावयाचे ते इतकेच, की सूज व डोकेदुखी दिसताच रक्तदाब मोजून घ्यावा आणि झटका आल्यास वाहन तत्काळ जोडावे.

जोडीदार बदलला की गुण कसा पालटतो याचे टोकाचे उदाहरण बेरियमचे आहे. क्ष-किरणाने पोटाचे चित्र घेण्यापूर्वी रोग्यास बेरियम सल्फेटची पांढरी लापशी पाजतात. ते पाण्यात वा जठरातील आम्लात विरघळत नसल्याने जसे गेले तसे बाहेर पडते. त्याच बेरियमचे कार्बोनेट आम्लात विरघळते, आणि ते उंदीर मारण्यास वापरले जात असे.

अ‍ॅट्रोपिन सल्फेट

पुष्कळ औषधे मूळ रूपात पाण्यात विरघळत नाहीत; त्यांचे सल्फेट केले की विरघळतात व टिकतात. हिवतापावरील क्विनीन, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन, सदाफुलीपासून काढलेले रक्ताच्या कर्करोगावरील व्हिंक्रिस्टीन ही अशीच सल्फेट होत. शेतकऱ्याच्या दृष्टीने यांत सर्वांत महत्त्वाचे ते अ‍ॅट्रोपिन सल्फेट. धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींत असणारे हे विष सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवरील उतारा आहे.

ही कीटकनाशके शरीरातील एका विकराचे कार्य बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचा संदेश पोचल्यानंतर जो थांबावयास हवा, तो थांबत नाही. लाळ, घाम व डोळ्यांतील पाणी वाहू लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या व जुलाब होतात, आणि छातीत पाणी साचून श्वास घरघरतो. अ‍ॅट्रोपिन हा अतिरिक्त संदेश ग्रहण करणारी दारे बंद करते. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर त्याची मात्रा थोड्या थोड्या वेळाने वाढवीत नेतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यांपैकी अनेकांनी विष प्यायलेले नव्हते; ते कातडीवाटे आणि श्वासावाटे शरीरात गेले होते. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, उकाडा, उघडे अंग आणि दोन-तीन औषधांची एकत्र कालवाकालव अशा स्थितीत हे घडते.

फवारणी करणाऱ्यास मळमळ किंवा चक्कर आल्यास त्याला तत्काळ शेतातून बाहेर काढावे. औषधाने भिजलेले कपडे उतरवून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. बेशुद्ध असल्यास कुशीवर निजवावे, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध-तूप देऊ नये. दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा पुडक्यावरील चिठ्ठी न चुकता बरोबर न्यावी. अ‍ॅट्रोपिन सर्व विषांवर चालत नाही. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके आणि पॅराक्वाट हे तणनाशक यांवर तो उतारा नव्हे. दोन औषधे मिसळून फवारली असतील तर दोन्ही बाटल्या न्याव्यात. दुकानदाराने पुडीत बांधून दिलेले बिननावाचे औषध असेल तर ते कोणत्या दुकानातून आणले एवढे तरी डॉक्टरांस सांगावे, म्हणजे तेथे विचारून कोणते विष आहे याचा शोध लावता येतो.